अर्ध्या जॉबला गेज नाही

आमच्या ऑफिसात प्रत्येकाची माहिती कॉम्प्युटरवर पूर्ण भरलेली होती, एक काकांची सोडून. नाव होतं, काळेवाडीचा पत्ता होता, जन्मतारखेपुढे ‘शाळेत लावलेली’ असं त्यांनी स्वतःच टाईप केलं होतं. रक्तगटाचा रकाना मात्र कोरा होता.

“तपासला न्हाई कधी,” काका म्हणायचे. “माहीत न्हाई ते कसं भरू?”

आमचे सर, म्हणजे मालक, वयानं काकांपेक्षा बरेच लहान. ते हात जोडायचे. “काका, काहीतरी टाका हो. ओ पॉझिटिव्ह टाका, निम्म्या भोसरीचा तोच असेल.”

काका शांतपणे ‘जतन करा’ दाबायचे आणि चहा प्यायला जायचे. ‘सादर करा’ हे बटन त्यांनी स्वतःच्या बाबतीत कधी दाबलंच नाही. त्यामुळे सिस्टीमच्या लेखी हा माणूस सगळी वर्षं अर्धवटच नोकरीला होता, आणि आम्ही त्यावरून त्यांना भरपूर पिडायचो.

भोसरीच्या एमआयडीसीत एका गल्लीत आमचं ऑफिस होतं. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, वर पत्र्याखाली आम्ही सहा-सात जण. कारखान्यांसाठी वेबवरचे फॉर्म बनवायचो: गेटपास, रजेचे अर्ज, मालाच्या तक्रारी. खालच्या मशीनमुळे फरशी दिवसभर बारीक थरथरायची, चहाच्या कपात गोल गोल रेघा उमटायच्या. मी दापोडीहून यायची, कॉलेज संपून वर्षही झालं नव्हतं. पहिले काही दिवस त्या थरथरीनं डोकं दुखलं, मग ती इतकी अंगवळणी पडली की रविवारी घरी चुकल्यासारखं व्हायचं.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. आम्हाला नसायची. त्या दिवशी गल्ली एकदम गप्प व्हायची, पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन फरशीवर हळूहळू सरकताना दिसायचं, आणि काका त्यांच्या सगळ्यात लाडक्या कामाला लागायचे. हात मांडीवर, डोळे मिटलेले, समोर स्क्रीनवर कोरा फॉर्म. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा झोपला.

“झोपलो न्हाई, पोरी. फॉर्म भरतोय.”

“डोळे मिटून?”

“मी आत्ता ट्रकवाला हाय. गेटवर उभा हाय. मागं दहा गाड्या लागल्यात, हॉर्न वाजतोय, आन् ह्यो फॉर्म मला माझा ईमेल विचारतोय. आता मी काय करू, ते बघतोय.”

असे ते कधी ट्रकवाले व्हायचे, कधी वॉचमन, कधी दुसऱ्या पाळीवर आलेली बाई जिला लेकराच्या तापामुळे लवकर घरी जायचंय. तासभर त्या माणसाच्या जागी बसून यायचे आणि मग दोन ओळींचा कोड लिहायचे. आम्ही हसायचो. पण मला त्या गुरुवारांची अजून ओढ लागते. त्या शांततेत कॉम्प्युटरचा पंखाही ऐकू यायचा, आणि काका मधूनच कुठूनतरी लांबून परत आल्यासारखे डोळे उघडायचे.

त्यांनी उभी हयात एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा मुलगी कॉम्प्युटरचा कोर्स करत होती, तिच्या वह्यांवरून हे कोड शिकले. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर असायचा, जाडी मोजायचं ते स्टीलचं साधन. त्यानं ते बिस्किटं मोजायचे. माझ्या आईच्या भाकरीची जाडी मोजून एकदा त्यांनी मला कागदावर लिहून दिली, आईला दाखव म्हणाले. आईनं तो कागद कितीतरी दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवला होता.

इन्स्पेक्टर असताना त्यांचं काम एकच. जॉब, म्हणजे मशीनवर बनणारा सुटा भाग, गेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापाच्या साच्यात, घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर भंगार. पण गेज लावायचं ते काम पुरं झाल्यावर. मशीनवर निम्मं काम बाकी असलेल्या जॉबला शेवटचं गेज लावून भंगारात काढणारा माणूस त्यांच्या मते इन्स्पेक्टरच नव्हता. “अर्ध्या जॉबला गेज लावायचं न्हाई,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता माझ्याही तोंडात ते त्यांच्याच आवाजात येतं.

फॉर्मनाही त्यांनी हाच नियम लावला. आमच्या प्रत्येक फॉर्मखाली तीन बटनं असायची: जतन करा, सादर करा, रद्द करा. नवशिका माणूस काय करतो, रकाने तपासणारा एकच कोड लिहितो आणि तिन्ही बटनांना जोडून मोकळा होतो. मग कुणी अर्धा फॉर्म ठेवून जेवायला जातो म्हणाला तरी फॉर्म लाल होऊन अंगावर येतो, हे भरा, ते भरा. काकांचं म्हणणं, आधी विचारा कोणतं बटन दाबलं. सादर दाबलं असेल तर सगळं तपासा, एक रकाना सोडू नका. जतन दाबलं असेल तर कोण, कुठं, कधी एवढंच बघा, बाकी तो सवडीनं भरेल. आणि रद्द दाबलं असेल तर तोंडातून शब्द काढू नका.

रद्दचा धडा मला पहिल्याच महिन्यात मिळाला. मोशीच्या एका कंपनीचा गेटपास मी केला होता. तिथल्या वॉचमनचा फोन आला, आणि नेमका काकांनी उचलला.

“अवो साहेब, माणूस आत जायचा न्हाई म्हनतोय, घरी चाललाय. मी रद्द दाबतोय तर ह्ये त्याचा मोबाईल नंबर मागतंय. आता जाणाऱ्याचा नंबर घेऊन मी काय करू?”

काकांनी फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि दिवसभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी घरी निघाले तर दारात हात आडवा धरून उभे. “मोबाईल नंबर सांग, मगच जा,” म्हणाले. अख्खं ऑफिस हसत होतं. मी खरोखर नंबर सांगितला, तेव्हा कुठे हात खाली आला.

त्यांचा राग होता तो टिंबावर. सक्तीच्या रकान्यात माणसाला काही सुचलं नाही, की तो नुसतं एक टिंब टाकतो आणि पुढे जातो. काका दर महिन्याला सगळे फॉर्म चाळून अशी टिंबं शोधायचे आणि एका शंभरपानी वहीत उतरवायचे. तारीख, गेट, रकाना, आणि पुढे टिंब. मला वाटायचं, हा माणूस टिंबं टाकणाऱ्यांवर चिडलाय. एकदा मी तसं म्हटलंही.

“त्यांच्यावर कशाला चिडू? त्यांना वाट दिली न्हाई आपण. खोटं लिव्ह न्हाईतर थांब, म्हणालो. त्यानं बिचाऱ्यानं त्यातल्या त्यात लहान खोटं लिहिलं.”

त्यानंतर त्या वहीत डोकावताना मला हसू येईनासं झालं.

मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. काका आठ दिवस रजेवर गेले, आणि त्याच आठवड्यात चाकणच्या एका कंपनीचा अपघात नोंदीचा फॉर्म द्यायचा होता. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेसची कंपनी, टॅब्लेट मशीनशेजारीच ठेवणार होते. त्यांच्याकडून निरोप आला की अर्धवट नोंदी नकोत, प्रत्येक रकाना सक्तीचा करा. सर म्हणाले, करून टाक, काका आल्यावर बघू.

मला नियम माहीत होता. अगदी तोंडपाठ होता. पण कोणतं बटन दाबलं ते बघून वेगळी तपासणी लिहायची म्हणजे आणखी एक दिवस, आणि फॉर्म दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता. मी एकच कोड लिहिला आणि जतन, सादर दोन्हींना जोडला. ‘अपघाताचं कारण’ या रकान्यात निवडायची यादी होती, ती कंपनीनं पाठवली त्याच क्रमानं उतरवली. यादीत पहिलंच होतं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मला ते तेव्हा खटकलंही नाही, हे मी आज लपवत नाही.

काका काळा चष्मा लावून परत आले. स्क्रीनकडे बघायची मनाई होती, म्हणून दिवसभर डोळे मिटून बसायचे आणि आम्हाला काय काय सुचवायचे. मी त्यांना चाकणच्या फॉर्मबद्दल सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पंधरा दिवस गेले.

एका सोमवारी चाकणहून सरांना फोन आला. तिथे आदल्या आठवड्यात प्रेसवर अपघात झाला होता. बालाजी नावाच्या ऑपरेटरची डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. नोंदीत निष्काळजीपणा आलाय, त्यामुळे त्याला कामावरून काढताहेत, चौकशीला मूळ नोंदीची प्रिंट हवी आहे. मी प्रिंट काढली. काकांनी ती हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांपासून एका वितीवर धरून वाचली.

“अपघात नऊ चाळीस,” ते म्हणाले. “नोंद नऊ सेहेचाळीस. सहा मिनिटांत कारण कळलं? त्या माणसाचं रक्त तरी थांबलं आसंल का?”

त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बोट केलं.

“कोणतं बटन दाबलंय, बघ.”

मी बघितलं. माहीत होतंच. “जतन,” मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी प्रिंटची घडी करून खिशात व्हर्नियरशेजारी ठेवली आणि म्हणाले, “चल, चाकणला जाऊ.”

त्या बसप्रवासाची मला स्वप्नासारखी आठवण आहे. दुपार होती, मोशीपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या कोऱ्या गाड्या वाहणारे लांबलचक ट्रेलर उभे होते, त्यांच्या काचांवर ऊन, आणि बस त्यांच्यामधून तरंगत चालल्यासारखी हळूहळू सरकत होती. काका खिडकीला डोकं टेकून बसले होते. झोपले होते की पुन्हा कुणाच्यातरी जागी जाऊन बसले होते, कळत नव्हतं. मला सांगायचं होतं, काका, घाई होती, मला कळत होतं तरी केलं. वाक्य तयार होतं. चाकणचा चौक आला तरी ते तोंडातच राहिलं.

बालाजी कंपनीच्या ऑफिसबाहेर स्टुलावर बसला होता. हाताला मोठं पांढरं बँडेज, तो हात दुसऱ्या हातानं उचलून धरलेला. आमच्याकडे त्यानं वरसुद्धा बघितलं नाही. आत मॅनेजर होते आणि नोंद करणारा सुपरवायझर होता. काकांनी नमस्कार केला आणि टॅब्लेट मागितला.

“साहेब, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तुमीच भरा. समजा आत्ता अपघात झालाय. माणूस खाली बसलाय, वरडतोय. गाडी बोलवायचीय. तुमाला फक्त नोंद ठेवायचीय. दाबा जतन.”

मॅनेजरनी दाबलं. स्क्रीन लाल झाली. कारण निवडा.

“काय निवडणार?”

त्यांचं बोट यादीवर गेलं आणि पहिल्या ओळीवर थांबलं. मॅनेजर हसायला लागले होते, ते मधेच थांबले.

सुपरवायझर भिंतीकडे बघत म्हणाला, “मीबी तेच केलं, साहेब. म्हणलं, आधी याला दवाखान्यात पोचवू, मग बदलू. परत आलो तर प्रिंट वर गेलेली. मग कोण ऐकतंय.”

“हे उत्तर यांचं न्हाई,” काका म्हणाले. “बालाजीचं तर न्हाईच न्हाई. हे आमच्या फॉर्मचं उत्तर हाय. अर्ध्या जॉबला गेज लावलं आमी. चूक माझी हाय, फॉर्म मी केलाय.”

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की मी केलाय. माझ्या घरात माझा पहिलाच पगार सुरू झालेला, वडील कारखान्यातून रिटायर झालेले, हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात येऊन गेलं असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. मी गप्प बसले.

चौकशी पुन्हा झाली. प्रेसची संरक्षक जाळी दोन दिवस आधी काम उरकायच्या घाईत काढून ठेवलेली होती, असं निघालं. बालाजीची नोकरी राहिली, त्याला स्टोअरला घेतलं. आणि कंपनीनं आमच्या सरांना विचारलं, असा फॉर्म करणाऱ्याचं तुम्ही काय करणार?

सरांना माहीत होतं काका त्या आठवड्यात कुठे होते. तेही काही बोलले नाहीत, कारण करून टाक असं म्हणणारे तेच होते. काकांनीच तो गुंता सोडवला. डोळे साथ देत न्हाईत, म्हणाले, आता बास. नोकरी सोडून जाण्याआधी दोन दिवस माझ्याशेजारी बसून त्यांनी तो फॉर्म दुरुस्त करून घेतला. ते डोळे मिटून सांगायचे, मी लिहायचे. आधी बटन. मग तपासणी. कारणांच्या यादीत त्यांनी सगळ्यात वर एक नवी ओळ घालायला लावली: ‘अजून माहीत नाही’.

शेवटच्या दिवशी सर म्हणाले, काका, तुमची माहिती पूर्ण केल्याशिवाय सिस्टीम तुम्हाला सोडणार नाही. रक्तगट राहिलाय. काकांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं, आपलीच नोंद एकदा खालपर्यंत वाचली आणि ‘रद्द करा’ दाबलं. फॉर्मनं त्यांना काहीच विचारलं नाही. ते उठले, व्हर्नियर खिशात आहे ना ते चाचपलं आणि जिना उतरून गेले. खाली मशीन चालू होती, माझ्या चहाच्या कपात रेघा उमटत होत्या.

काळेवाडीला मी एकदाच गेले, संत्री घेऊन. त्यांनी एका संत्र्याचा व्यास मोजला आणि माप बरं आहे म्हणाले. मी वाक्य सुरू केलं, “काका, त्या दिवशी चाकणला मी…”

“पोरी, अर्धा जॉब हाय तो अजून तुझा,” ते म्हणाले. “ठेव तसाच. पुरा झाला की बघू.”

मी तो ठेवला, आणि नंतर वर्षभरात काका गेले. मला निरोप चार दिवसांनी मिळाला. मी खूप रडले, आणि त्यात निम्मं रडू स्वतःसाठी होतं.

परवा कामासाठी पुन्हा त्याच चाकणच्या कंपनीत जावं लागलं. आता मी दुसरीकडे आहे, माझ्या हाताखाली चौघं आहेत. आत जाणाऱ्यांना हेल्मेट देतात त्या खिडकीशी टॅब्लेटवर नाव घेत एक माणूस बसला होता. डाव्या हाताला तीन बोटं. मी ओळखलं. त्यानंही माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

“तुम्ही त्या काळ्या चष्म्याच्या काकांबरोबर आल्ता ना, ताई? कसे हायेत ते?”

“गेले. दोन वर्षं झाली.”

त्यानं टॅब्लेट खाली ठेवला. “लई भला माणूस. चूक झाली होती त्यांच्या हातनं, फॉर्मात. पर चार माणसांत उभं राहून सांगितलं, माझी हाय म्हणून. मी पोरांना सांगतो घरी. चुकावं बी तर असं, म्हणतो.”

माझ्या मागे दोन माणसं उभी होती. एकाच्या हातात ड्रॉईंगची गुंडाळी होती, तो घड्याळ बघत होता.

“बालाजी,” मी म्हटलं, “चूक त्यांची नव्हती. ते तेव्हा रजेवर होते. तो फॉर्म मी लिहिला होता.”

“मग ते तसं का बोलले?”

“मी गप्प बसले म्हणून.”

तो त्या तीन बोटांनी हेल्मेटचा पट्टा सरळ करत राहिला. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलेल, आणि बोलावं असंही वाटलं.

“माझ्या नावावरचं त्यांनी पुसलं,” तो शेवटी म्हणाला. “त्यांच्या नावावरचं ऱ्हायलंच होतं की, ताई.”

“हो.”

“आज घरी सांगतो.”

त्यानं टॅब्लेट पुन्हा उचलला, डोळे बाहीला पुसले, माझं नाव टाकलं, वेळ टाकली. “येण्याचं कारण?”

मी तोंड उघडलं. मला नुसतं ‘काम’ म्हणायचं होतं आणि तेवढंही जमेना. मागच्या माणसानं पाय बदलला. बालाजीनं एकदा माझ्याकडे बघितलं, रकाना कोराच ठेवला आणि ‘जतन करा’ दाबलं.

“ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला, “जाताना भरू.” आणि त्यानं हेल्मेट माझ्याकडे सरकवलं.